सासूबाईंचं पोट

परवा शेजारणीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात बसले होते. स्पिरिटचा वास आला आणि मन थेट कर्जतच्या एका जुन्या दवाखान्यात जाऊन पोचलं. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. कर्जतजवळच्या पोशीर गावात मी नवी सून होते. सासूबाई चाळिशीच्या, विधवा. भाताचे भारे उचलताना त्यांचं पोट बेंबीपाशी फुगायचं. बायका कुजबुजायच्या, "नवरा नाय आन् पोट वाढतंय." ते कानावर आल्यापासून त्या घराबाहेरच पडेनात. एकदा पोटात कळ आली, तेव्हा मीच हट्टाने त्यांना बैलगाडीत बसवून कर्जतला नेलं.

डॉक्टरांनी खोकायला सांगितलं, तशी गाठ वर आली. मग आडवं निजवून त्यांनी ती हलकेच दाबली आणि ती आत गेली.

"बाई, पोटाची भिंत इथं विरलीय. त्यातून आतडं बाहेर येतं. ते अडकलं तर जिवावर बेतेल. मुंबईला जाऊन हे भोक शिवून घ्या."

"म्हंजी ह्यात माजं काय पाप नाय?"

"बाळंतपणं झालीत, ओझी वाहिलीत. त्यात पाप कसलं?"

सासूबाई ओक्साबोक्शी रडल्या. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरल्या. त्या रडण्यात केवढी सुटका होती, ते आता या वयात उमगतं.

पुढे मुंबईला ऑपरेशन होऊन त्या ठणठणीत झाल्या. पण डोळ्यांपुढे येते ती त्या दिवशीची परतीची वाट. गाडीत बसता बसता त्या गाडीवानाला म्हणाल्या, "सावकाश हाक रं. मला अजून लई जगायचं हाय."