पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणायला शिकवणाऱ्या शैलजाताई

“नाही नाही, कायले तुमाले तरास,” देवसिंगभाऊ फोनवरून म्हणाले, आणि शैलजाताईंनी टेबलावर हात आपटला.

“झालं! गेली बाई. फोन ठेवला, चहा प्यायला गेली. आता बसा बिल पाहत.”

“पन ताई, ते बाई पुन्हा इचारन ना?”

“नाही विचारणार. तिकडे एकदाच विचारतात.”

मी दारात उभा होतो. आमच्या महाविद्यालयातल्या व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला वणीहून यवतमाळला आलो होतो. ताईंना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझं नावही विचारलं नाही. “इंग्रजी बोलता ना? या, बसा. तुम्ही दवाखान्यातली बाई व्हा,” म्हणाल्या. शैलजाताई मुळावकर यांच्याशी माझा परिचय झाला तो असा. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील.

फोनवरचे देवसिंगभाऊ आडे हे बोरी अरबजवळच्या एका तांड्यावरचे. ऐन तारुण्यात ते अमेरिकेत गेले आणि उभा जन्म दुसऱ्यांच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काढला. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. विमा होता, पण तोकडा. घरी आल्यावर दवाखान्यातल्या एका बाईंनी फोन करून विचारलं, बिलासाठी तुम्हाला मदत हवी आहे का? देवसिंगभाऊ म्हणाले, नाही नाही, ठीक आहे. आपल्याकडे भला माणूस पहिल्यांदा नाहीच म्हणतो. समोरचा पुन्हा विचारतो, हा पुन्हा नाही म्हणतो, आणि तिसऱ्या वेळी “बरं, तुम्ही म्हणताच आहात तर” असं म्हणून हात पुढे करतो. त्या बाईंनी मात्र आभार मानले आणि गृहस्थांना मदत नको असल्याची नोंद केली. पुढच्या आठवड्यात पूर्ण बिल आलं.

देवसिंगभाऊंनी कोणाला काही सांगितलं नाही. ते हृदयाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागले. त्यांच्या पत्नी शांताबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी गुपचूप ताईंना फोन लावला. बिल थांबू शकत होतं, हृदय थांबून चालणार नव्हतं. ताईंच्या सांगण्यावरून शांताबाई दवाखान्याच्या मागे लागल्या आणि त्यांनी आणखी एकदा विचारायचं कबूल करून घेतलं. ते विचारणं मी गेलो त्याच दिवशी होतं, त्यांच्याकडच्या सकाळी आणि आमच्याकडच्या संध्याकाळी. त्यानंतर विचारणार नाही, असंही दवाखान्याने सांगितलं होतं.

मी इंग्रजीत प्रश्न विचारला. देवसिंगभाऊ पुन्हा नाही म्हणाले.

“ताई, मले जमत नाही ना. एकदम हो म्हटलं का मानूस हावरट दिसते.”

“काहून जमत नाही? पंगतीत तिसऱ्यांदा आग्रह केला का घेता ना?”

“घेतो.”

“मग इथं वाढपी एकदाच येतो अन् पुढं जातो. उपाशी उठाल.”

“तांड्यात कळलं तं? सभामंडपाच्या भिंतीवर माह्यं नाव हाय, दाता म्हनून.”

“नाव राहू द्या भिंतीवर. गोळी जाऊ द्या पोटात.”

मागून शांताबाईंचा आवाज आला. “ताई, हे असेच हायत. लग्नाले बी तीनदा नाही म्हनले. माह्या बापानं चौथ्यांदा इचारलं म्हनून मी इथं हाय.” त्यापुढे त्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत काही बोलल्या. मला अर्थ कळला नाही, पण ते कौतुक नव्हतं एवढं समजलं.

ताई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, “पुन्हा विचारा.”

ताईंनी नोकरीची सगळी वर्षं यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काढली. ज्यांच्याकडे औषधाला, रक्ताला किंवा घरी परतायच्या भाड्याला पैसे नाहीत अशांची सोय लावणं हे त्यांचं काम. नोकरी नवी असताना झरी जामणीकडचे एक वृद्ध कोलाम गृहस्थ बरे होऊन घरी निघाले. ताईंनी विचारलं, बाबा, गाडीभाडं आहे? आहे म्हणाले. पुन्हा विचारलं, तरी आहे म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते हसले आणि त्यांनी रिकामा खिसा बाहेर काढून दाखवला. तेव्हापासून हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला ताई सांगत, पहिलं उत्तर रीतीचं असतं, तिसरं खरं असतं. या जिल्ह्यातले कितीतरी लोक त्या तिसऱ्या प्रश्नामुळे सुखरूप घरी पोचले आहेत.

निवृत्तीनंतरचं काम त्यांनी ठरवून सुरू केलं नाही. त्यांच्या एक जुन्या सहकारी परिचारिका परदेशी स्थायिक झाल्या होत्या. त्यांचे पती आजारी पडले आणि बिलं येऊ लागली, तेव्हा त्यांनी ताईंपाशी रडून घेतलं. ताई म्हणाल्या, “प्रत्येक मोठ्या दवाखान्यात माझ्यासारखी एक बाई असतेच. बहुतेक जिन्याखाली बसवलेली असते. आधी ती शोध.” ती सापडली, आणि ही गोष्ट परदेशातल्या आपल्या म्हाताऱ्या माणसांत पसरली. त्यांची मुलं लांब असतात किंवा नसतातच. इकडच्या नातलगांना अडचण सांगता येत नाही, कारण इकडे त्यांना श्रीमंत समजतात. ताईंना सांगता येते.

प्रत्येक वेळी काम होतंच असं नाही. वणीचे एक वेल्डर आखातात आयुष्य घालवून उतारवयात आजारी पडले. तिथे राहणं परवडेना, म्हणून परत आले. ताई त्यांना आणायला नागपूरच्या विमानतळावर स्वतः गेल्या. गाडी वणीला पोचली तेव्हा पुतण्यांची नजर डिकीकडे. ताई म्हणाल्या, “सामान नाही. माणूस आणलाय. आधी तो उतरवून घ्या.” पुतण्यांनी उतरवून घेतलं. ते गृहस्थ आज त्यांच्याकडेच आहेत आणि शेजारच्या दुकानात बसून तरुण वेल्डरांच्या चुका काढतात.

ताईंचा स्वभाव गोड आहे असं मी लिहिणार नाही. त्या रागावतात. औषध चुकवलं तर जास्तच रागावतात. पण रागावून फोन ठेवल्याचं कोणी ऐकलेलं नाही. कामाचे पैसे त्या घेत नाहीत. एकदा कोणी परदेशातून भारी शाल पाठवली, ती त्यांनी रुग्णालयातल्या एका बाळंतिणीला दिली आणि पाठवणाऱ्याला तसं कळवलंही. या गौरवग्रंथाची कल्पना आम्ही मांडली तेव्हा त्या नाही म्हणाल्या. आम्ही पुन्हा विचारलं. “माझं नाही हे नाहीच असतं,” म्हणाल्या. तरी ग्रंथ निघाला. त्या कधी रागावतात याची आम्ही वाट पाहत आहोत.

तर त्या संध्याकाळी. तालीम अर्धवटच राहिली, कारण दवाखान्याचा फोन आला. शांताबाईंनी तो आमच्या फोनला जोडला. ताईंनी मला तोंडावर बोट ठेवायला लावलं. दवाखान्यातल्या बाईंचा आवाज मऊ होता. त्यांनी तब्येत विचारली आणि मग तो प्रश्न विचारला.

ताईंनी डोळे मिटून घेतले. शांताबाई खाकरल्या.

“यस,” देवसिंगभाऊ म्हणाले. मग घाईघाईने, “यस, यस.”

बाई हसल्या. कळवते म्हणाल्या. ताई मात्र निर्णय येईपर्यंत काही बोलायला तयार नव्हत्या. माझं निमंत्रण त्यांनी न वाचताच स्वीकारलं आणि मला जेवून जायला सांगितलं. मी नाही म्हणालो नाही.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो. गुडघे त्यांनी एकदा डॉक्टरांना दाखवावेत आणि डॉक्टरांचं ऐकावं. दूरदेशी आजारी पडलेल्या आपल्या माणसांना त्यांचा राग अजून पुष्कळ वर्षं मिळत राहो. त्यांच्या नव्वदीच्या ग्रंथातही लिहायला मिळावं, ही माझी स्वतःची इच्छा.

त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना शांताबाईंचा फोन आला. दवाखान्याने बरंचसं बिल माफ केलं होतं आणि उरलेलं जमेल तसं भरायला सांगितलं होतं. देवसिंगभाऊंनी त्या दिवशीची गोळी घेतली होती.