मिस्त्रींचा तळहात

जाफराबादला आमच्या शेजारी राहणारे मिस्त्री थंडीच्या दिवसांत चहाच्याही आधी आमच्या अंगणात यायचे. आमचा जुना पेट्रोलचा पिकअप गारठ्यात सुरू व्हायला रडायचा. मिस्त्री आधी बॉनेटला हात लावून बघायचे. कोमट लागलं की तोंड वाकडं करायचे. "गरम गाडी खोटं बोलती, भाऊ. मी यायच्या आधी चावी मारत जाऊ नका."

मग कार्बुरेटरच्या तोंडावर तळहात दाबून ते मान हलवायचे आणि मी चावी फिरवायचो. हवा कोंडली की इंजिन धडधडायला लागायचं. "चोकची झडप बराबर मिटत न्हाई. पार्ट भेटत न्हाई," असं म्हणत ते पेट्रोलनं ओला झालेला हात पायजम्याला पुसायचे. कितीतरी हिवाळे हेच चाललं.

यंदा मी गाडी भंगारात काढली. ती एमआयडीसीतल्या भट्टीत जाणार, हे ऐकून ते तसेच घरी निघून गेले. न्यायच्या दिवशी सकाळी मात्र आले. खिशातून तारेची बारीक स्प्रिंग काढून त्यांनी चोकला अडकवली. "ढकलत नका नेऊ. तिच्या पायानं जाऊ द्या."

चावी फिरवताच गाडी सुरू झाली. ही स्प्रिंग त्यांना आधी कधी सुचलीच नसेल, असं मला वाटत नाही. मी विचारलं नाही. भंगारवाल्याला शब्द देऊन बसलो होतो.

मिस्त्री बाजूला उभे राहून कोरडाच तळहात पायजम्याला पुसत होते.