वगळलेल्या सतरा फायली

हे आजवर मी कोणाच्याच कानावर घातलेलं नाही. आईला सांगणार होतो; ती गेली, राहून गेलं. लोणावळ्यात एका खोलीत राहतो, कॉम्प्युटरची मिळतील ती कामं करतो. कधीकधी आठवडाभर दुकानदार सोडून कोणाशी बोलणं होत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय — पण कुठून सुरू करू?

कामापासून करतो. ते सोपं आहे.

कामशेतच्या एका संस्थेनं वाड्यावस्त्यांवर पाण्याची पाहणी काढली होती. घरोघर जायचं आणि टॅबवर फॉर्म भरायचा. फॉर्म मी बनवला होता. प्रत्येक घराची एक वेगळी एक्सएमएल फाइल तयार व्हायची. त्या शेकडो फायली जोडून वेबवर उघडणारा एकच अहवाल करायचा, हेही माझ्याकडेच होतं. नळयोजनेत कोणत्या वस्त्या आधी घ्यायच्या, ते त्या अहवालावरून ठरणार होतं.

वडिवळे धरणाच्या वर, डोंगरात, ठाकरांची एक वस्ती आहे. तिथं पाहणीला सुनंदाताई गेल्या होत्या. पन्नाशीच्या बाई, टॅब पहिल्यांदाच हातात घेतलेला. बाकीच्या फॉर्म भरणाऱ्यांनी शेऱ्याची चौकट रिकामी सोडली होती. ताईंनी मात्र घरोघरी विचारून लिहिलं होतं, झऱ्यावरून पाणी कोण आणतं ते. सासू आणि सून. माय आणि लेक. ‘आणि’ लिहायला वेळ लागतो म्हणून त्यांनी कीबोर्डवरची ‘&’ ही वेटोळी इंग्रजी खूण टाकली होती.

ती खूण तशीच राहिली की फाइल मोडते, प्रोग्रॅमला वाचता येत नाही. ती आपोआप बदलून घेणं फॉर्मचं काम होतं. म्हणजे माझं. मी ते केलंच नव्हतं.

अहवाल मांडायच्या बैठकीच्या आदल्या दुपारी फायली जोडायला घेतल्या आणि प्रोग्रॅम मध्येच अडला. पुन्हा चालवला, पुन्हा अडला. तेव्हा मी एक ओळ लिहिली — जी फाइल वाचता येत नाही ती सोडून पुढं जा. लगेच अहवाल तयार. रंगीत तक्ते, नकाशा, सगळं. फक्त मला दिसेल अशी एक नोंद आली : सतरा फायली वगळल्या. मी त्या उघडून पाहिल्या. सगळ्या त्याच वस्तीच्या. कारणही तिथंच कळलं. दुरुस्तीला किती वेळ लागला असता? अर्धा तास? पण मी कंटाळलो होतो. आणि वाटलं — हो, हेच वाटलं — सतरा घरं कोणाच्या लक्षात येणार आहेत?

ताईंच्या आली. बैठकीत पडद्यावर नकाशा लागला तेव्हा त्या मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या आणि वरची वस्ती कुठं दिसत नाही म्हणाल्या. संस्थेच्या मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. समोर तालुक्याचे अधिकारी बसलेले. त्या क्षणी खरं बोलायला काय लागत होतं? एक वाक्य.

मी म्हणालो, “तिकडचे फॉर्म आलेच नाहीत.”

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी गेलते, सर. दोनदा गेलते. सतराबी घरं भरली.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, ती वस्ती पुढच्या टप्प्यात घेऊ.

पुढचा टप्पा यायला दोन उन्हाळे गेले. दोन्ही उन्हाळे त्या बायका झऱ्यावरून हंडे आणत होत्या. ताईंना संस्थेनं पुन्हा काम दिलं नाही. न जाताच ‘गेले’ म्हणतात, असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं. मला मात्र अहवाल छान झाला म्हणून पुढची दोन कामं मिळाली.

गेल्या हिवाळ्यात पवनानगरला पर्यटकांना तंबू देणाऱ्या एका कॅम्पवाल्याची वेबसाइट बिघडली म्हणून गेलो होतो. दुपारी जेवायला बसलो, तर चुलीपुढं ताई. आता त्या तिथं स्वयंपाक करतात. मला ओळखलं. माझ्या आईची चौकशी केली. गेली म्हटल्यावर त्यांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. जेवणारा मी एकटाच होतो.

मग तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, “त्या टायमाला माजंच कायतरी बटन चुकलं असंल, सर. लय इचार केला मी.”

आमच्याशिवाय तिथं कोणी नव्हतं. मॅडम नाहीत, अधिकारी नाहीत. मला कशाची भीती होती? कशाचीच नव्हती.

मी म्हणालो, “होतं असं, ताई.”

त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात गरम भाकरी वाढली. मी ती खाल्ली.