बेल्ह्याच्या परण्यातला सॅक्सोफोन

पुढचे चार दात गेले तेव्हा भागुजीला वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे दात गेले की त्याला कुणी वाजव म्हणत नाही. बँडचा लाल कोट घालून नवरदेवाच्या घोड्यापुढे उन्हातान्हात वाजवून तो पार दमला होता. आता खोडदला मोठ्या दुर्बिणीच्या आवारात तो गवत कापायला जाई. तिथली शांतता त्याला मानवली होती.

वाजवायला तो शिकला खडकीत. तरुणपणी एका क्लबात फरशी पुसायला होता. तिथं मेनेझिस नावाचे गोव्याचे म्हातारे मास्तर नाचाच्या बँडमध्ये वाजवायचे. दुपारी क्लब रिकामा असला की मास्तर ग्रामोफोनवर जॅझ लावत आणि समजावून सांगत. हे जुनं, नाचण्यासाठी. हे त्यानंतरचं, यावर नाचशील तर पाय मोडेल, हे बसून ऐकायचं. आणि हे सावकाश, एकाच सुरावर रेंगाळणारं. त्या प्रकारांची नावं भागुजीला कधी पाठ झाली नाहीत. एवढं मात्र कळलं, की ओळखीच्या चालीवरून निघायचं, मनाला येईल तिकडे भटकायचं आणि वेळेवर घरी परतायचं. हे काढलं कुणी, असं त्यानं विचारलं. मास्तर म्हणाले, "ज्यांना गुलाम करून नेलं, त्यांच्या नातवंडांनी." गावकुसाबाहेर वाढलेल्या भागुजीला त्यापुढे समजावून सांगावं लागलं नाही.

मास्तर वारले. त्यांचा सॅक्सोफोन घेऊन भागुजी गावी आला आणि गेणभाऊंच्या बँडमध्ये लागला. इथं भटकायची सोय नव्हती. गेणभाऊ मालक, आणि शिस्तीचे असे की मुंगीनंसुद्धा रांग मोडू नये. सिनेमाचं गाणं जसंच्या तसं वाजलं पाहिजे, नाहीतर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, हे त्यांचं म्हणणं. भागुजी मान खाली घालून सरळ वाजवत राहिला.

एकदाच मोह आवरला नाही. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. बेल्ह्याला परण्या निघाला होता, नवरदेव घोड्यावर, पुढे पोरं नाचतायत. एकाच गाण्याचं तेच कडवं पाचव्यांदा वाजवताना भागुजीचा सॅक्सोफोन चाल सोडून निघाला. पोरं थबकली, एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एकजण फिदीफिदी हसला. गेणभाऊंनी हात वर करून अख्खा बँड थांबवला.

"चाल इसरला का रं? लोकं हसत्यात," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

पुढच्या लग्नापासून भागुजीच्या हातात झांजा आल्या. वर्षभर त्यानं त्या वाजवल्या आणि कानाला खडा लावला. सॅक्सोफोन परत मिळाला, पण आपण त्या दिवशी खरंच चुकलो होतो का, ही टोचणी काही गेली नाही.

मग गावोगाव डीजे आले आणि बँड मोडला. गिऱ्हाइकांना ऐकवायला गेणभाऊ परण्याच्या कॅसेटी भरून ठेवायचे, त्या पेटीसकट भागुजीच्या माळ्यावर आल्या.

दोन हजार सातच्या जयंतीला भागुजीची मुलगी प्रतीक्षा पुण्याहून घरी आली. कॉलेजात ती रॅप करायला शिकली होती, म्हणजे ठेक्यावर भराभर यमकं जुळवून बोलायचं. तिनं सीडी लावली. ठेका सुरू झाला आणि त्यात भागुजीला आपलाच सॅक्सोफोन ऐकू आला.

"हे कुठनं काढलं?"

"माळ्यावरच्या कॅसेटीतनं. मैत्रिणीच्या कम्प्युटरवर तेवढाच तुकडा कापला. तोच फिरत ऱ्हातो, वर मी बोलते." ती रंगात आली होती. "अमेरिकेत असंच झालं, आबा. गल्लीतल्या पोरांकडं वाद्यं नव्हती. आधी त्यांनी नाचाच्या रेकॉर्डी फिरवल्या, मग घरातल्या जुन्या जॅझच्या. आजोबांनी वाजवलेलं खाली, नातवंडांचं बोलणं वर."

"जयंतीला हे नको लावू."

"का?"

"चुकल्यालं हाय ते."

"मला तर त्या आख्ख्या कॅसेटीत तेवढंच बरोबर वाटलं," प्रतीक्षा म्हणाली.

लोक पुन्हा हसतील याची भागुजीला मनातून भीती वाटत होती, आणि पोरीशी वाद घालायचं त्राण नव्हतं.

चौदा एप्रिलला उन्हं कलल्यावर समाजमंदिरासमोर गर्दी जमली. गेणभाऊही काठी टेकत येऊन भागुजीशेजारी ओट्यावर बसले. दर जयंतीला त्यांचाच बँड असायचा, म्हणून बँड गेला तरी ते यायचे. प्रतीक्षानं माईक हातात घेतला. ठेका सुरू झाला, बेल्ह्याचा तुकडा फिरायला लागला, आणि भागुजीनं मान खाली घातली. पण कुणी हसलं नाही. पोरं नाचत होती. पाय कुणाचेच अडखळत नव्हते.

गेणभाऊंची बोटं काठीवर ठेका धरत होती.

"कोन वाजवतंय राव?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"झ्याक हाय. पर पुढं का जात न्हाई? तिथल्या तिथंच फिरतंय."

"पुढं न्हाईच ते," भागुजी म्हणाला. "बेल्ह्याचं हाय. पुढं तुमी हात वर केला व्हता."

काठीवरची बोटं थांबली. गेणभाऊ उठून मात्र गेले नाहीत. समोर प्रतीक्षा बोलत होती, आणि सॅक्सोफोन त्या वळणापर्यंत येऊन पुन्हा मागे जात होता. दर खेपेला भागुजी तोंडात हवा भरून घेई, पुढचा सूर त्याला अजून ठाऊक होता.