आधी दवाखाना

वत्सलाताई ढोके यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात कीटकनाशकं विकणाऱ्या माणसानं लेख लिहावा, याचं काही मंडळींना नवल वाटलं. मलाही वाटलं. संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी नकारच कळवला होता. माझा स्वभाव मुळातच काळजीचा. चार ओळी लिहायच्या तरी त्यातली कोणती कोणाला लागेल, याचा घोर लावून घेणारा. पण ताईंनी स्वतः फोन केला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी नाई लिहिलं तं मंग सारे गोड गोडच लिहितीन." तेव्हा लिहायला बसलो.

आमची पहिली ओळख आर्णीच्या माझ्या कृषी केंद्रात झाली. कपाशीचे ते दिवस वाईट होते. बोंडअळी औषधाला दाद देत नव्हती, कापसाचा भाव पडलेला होता आणि जो तो एक फवारणी फुकट गेली की दुसरी करत होता. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. एका बाजाराच्या दिवशी जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या आणि मग पुढे येऊन म्हणाल्या, "मले तुमच्या औषधाईचा वास घ्याचा हाय."

त्या काळात अनोळखी बाईनं एकटीनं येऊन असं काही मागितलं की दुकानदाराच्या मनात काय येई, हे आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको. मी कसंबसं विचारलं, "काकू, घरचं कोणी सोबत आहे का?" त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग स्टूल ओढून बसल्या आणि मलाच धीर दिला, "भिऊ नका भाऊ. मले मराचं नाई. मले वास ओळखाचा हाय."

त्यांना वास का ओळखायचा होता, ते त्या दिवशी त्यांनी तिथंच बसून सांगितलं.

ताईंचं नाव पंचक्रोशीत होतं ते दारूबंदीमुळे. त्यांच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या लढ्याच्या ताई पुढारी होत्या. धमक्या आल्या, घरावर दगड आले, पण त्या हटल्या नाहीत. दारूचं दुकान बंद झाल्यावर बायकांनी एक नियम केला. बाहेरून पिऊन आलेल्या माणसाला घरात घ्यायचं नाही. त्यानं एसटी थांब्याच्या ओट्यावर बसायचं, उतरेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, घरच्यांनीही जवळ जायचं नाही. नियम कडक होता, पण त्यानं गाव सुधारलं. पुसदपर्यंतचे लोक तो नियम पाहायला येत.

गजानन हा त्याच गावातला फवारणीच्या मजुरीवर जाणारा तरुण. पूर्वी प्यायचा; बायकांसमोर शपथ घेऊन त्यानं दारू सोडली होती. एका दुपारी आभाळ दाटलेलं, पान हलत नव्हतं, पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, डोक्याच्या वर गेलेली. अशा हवेत औषधाचा फवारा वर जाऊन निघून जात नाही, मारणाऱ्याच्याच अंगावर उतरतो. गजानन वावरातून झोकांड्या खात आला. बायकांनी त्याला ओट्यावर बसवलं. तो म्हणत होता, "मी पेलो नाई वं." जीभ वळत नव्हती. पिऊन आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून कोणी ऐकलं नाही. त्याची बायको रेखा आली, त्याचा अवतार पाहून तिनं तोंडाला पदर लावला आणि "उतरू द्या त्याची," एवढं बोलून परत गेली. वत्सलाताई तिथंच होत्या. त्यांनीही गजाननचं बोलणं ऐकलं आणि त्या घरी जाऊन भाकरी थापायला बसल्या.

एसटीच्या कंडक्टरच्या लक्षात आलं की या माणसाच्या तोंडातून लाळ गळून सदरा भिजला आहे आणि तो घामानं निथळतो आहे. मग धावाधाव झाली. जीपमध्ये घालून त्याला यवतमाळला नेलं. पोर वाचलं, म्हणजे अगदी थोडक्यात वाचलं. हाताचा कंप पुष्कळ दिवस राहिला.

तो दवाखान्यात असतानाच ताईंनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, "चूक माही हाय. आपन नियम पाह्यला, मानूस नाई पाह्यला." ज्या नियमामुळे त्यांचं नाव झालं, तोच त्यांनी सगळ्यांसमोर उघडा पाडला. आणि दारूचा वास कोणता, औषधाचा कोणता, हे शिकायला दुसऱ्याच बाजाराला त्या माझ्या दुकानात आल्या.

मी त्यांना कुठलीही बाटली उघडून दिली नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याऐवजी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. तिथले डॉक्टर नवखे होते, कामानं पिचलेले होते, पण ताईंचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. वासावर जाऊ नका, असं त्यांनी आम्हाला समजावलं. दारूचा वास असला तरी विषबाधा असू शकते, दोन्ही एकदमही असू शकतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात का, लाळ येते का, घाम किती, हातपाय थरथरतात का, ते पाहा. औषधानं भिजलेले कपडे ताबडतोब उतरवा, अंग साबणानं धुवा, औषधाची बाटली सोबत आणा. आणि मुख्य म्हणजे ओट्यावर बसून न्याय करू नका, इकडे घेऊन या.

ताईंनी परत जाऊन बायकांना त्याचं दोन शब्दांत सार सांगितलं, "आधी दवाखाना."

हे आज लिहायला सोपं वाटतं. तेव्हा बायका भडकल्या होत्या. त्यांचंही खरंच होतं. किती मार खाऊन, किती रडून त्यांनी तो नियम उभा केला होता. एकीनं विचारलं, "उद्यापासून सारेच बेवडे पाठीले पंप लावून येतीन, मंग काय करसान?" आणि तसं झालंही. एक महाभाग आर्णीहून पिऊन आला आणि गावाच्या वेशीवर कोणाचा तरी फवारणीचा रिकामा पंप पाठीला लावून डोलत डोलत निघाला. बायकांनी त्याला आंघोळ घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. परतीच्या वाटेवर बायका ताईंशी बोलायला तयार नव्हत्या. तेव्हा ताई म्हणाल्या, "फसलो तं फसलो. गजाननच्या वक्ताले आपन फसलो नाई, तं काय झालं होतं?"

माझ्याकडे काम आलं ते फोनचं. गावात पिठाच्या गिरणीत फोन होता. ताईंच्या गावचं कोणी जहाल औषध घेऊन गेलं की मी गिरणीत कळवायचं; तिथून निरोप बायकांना. म्हणजे कोणत्या वावरात आज फवारणी आहे, ते त्यांना आधीच ठाऊक असे. गिऱ्हाइकं माझ्यावर चिडली. "आमी काय नेलं, ते बायाईले काहून सांगता?" असं म्हणून काही जण दुसऱ्या दुकानात गेले. मी डळमळलो होतो, हे मान्य करतो. पण एकदा फोन करायची सवय लागल्यावर न करण्याचीच भीती वाटू लागली.

पऱ्हाटी वाढली की आतला माणूस दिसत नाही. म्हणून ताईंनी निंदण-खुरपण करणाऱ्या बायकांना एक रीत लावून दिली. शेजारच्या वावरात फवारणी चालू असली की थोड्या थोड्या वेळानं मारणाऱ्याला नावानं हाक मारायची. त्यानं ठणठणीत "ओ" द्यायची. ओ आली नाही किंवा जड आली, तर विळा टाकून आत शिरायचं. सर्वांत आधी हाक मारायला लागली ती रेखा. नवऱ्याचं नाव घेऊन भर वावरात ओरडायची. गडी हसायचे, "लग्नात उखान्यात नाव घ्याले लाजत होती, आता साऱ्या शिवाराले आयकवते." ती म्हणायची, "तू बी ओ दे, लय दात काढू नको."

ताईंच्या मायेचा एक अनुभव सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फवारणीच्या दिवसांत आभाळ आलं की मी दुकानाच्या दारात येऊन वर पाहत बसतो. आपण सकाळी विकलेल्या बाटल्यांचं काय झालं असेल, या विचारानं जेवण जात नसे. सौभाग्यवतींनी हे कधीतरी ताईंच्या कानावर घातलं. तेव्हापासून हंगामात दिवेलागणीला गिरणीतून फोन यायचा. पलीकडून ताई म्हणायच्या, "आज सारे घरी आले भाऊ. जेवून घ्या." दिवसभर स्वतः रानोमाळ हिंडलेल्या बाईंनी कोणा दुकानदाराच्या जेवणाची चौकशी करावी, हे मला आजही खरं वाटत नाही.

आता जो प्रसंग लिहितो आहे, तो लिहू की नको, हे मी ताईंना विचारून घेतलं आहे.

नव्या पंपाचं तोंड कसं बसवायचं, ते दाखवायला मी त्यांच्या गावी गेलो होतो. ताईंच्या अंगणात बसलो होतो. इतक्यात बायकांचा गलका आला. रेखा आणि आणखी दोघी ताईंच्या धाकट्या मुलाला, प्रमोदला, खांद्याचा आधार देऊन आणत होत्या. हाकेला त्याची ओ जड आली होती. सदरा औषधानं भिजलेला, पाय एकात एक अडकत होते. त्याच सकाळी माझ्या दुकानातून बाटली नेणारा तोच होता.

सगळ्या जणी ताईंकडे पाहू लागल्या. ताई काही बोलेनात. तेव्हा रेखानंच त्याचा सदरा फाडून काढला, बादली ओतली आणि मला म्हणाली, "भाऊ, पाहून काय राह्यले? गाडी काढा."

दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मागं प्रमोद काहीबाही बडबडत होता. ताईंनी एकदाही वळून पाहिलं नाही. फक्त एकदा विचारलं, "जहाल होतं का भाऊ औषध?" मी खोटं बोलू शकलो नाही. मी "हो" म्हटलं. त्यानंतर त्यांनी दाराची कडी धरली ती दवाखाना येईपर्यंत सोडली नाही.

डॉक्टरांनी आत नेलं. आम्ही बाहेर. रेखा ताईंचा हात धरून उभी होती. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले, पण त्यांना ताईंच्या नजरेला नजर देता येईना. आम्हाला वाटलं, संपलं. ते अडखळत म्हणाले, "ताई, कसं सांगू... विषबाधा नाही. प्रमोदनं दारू घेतली आहे. वावरातच बसून घेतली असावी."

तिथं गावातल्या बायका होत्या, परगावचे रोगी होते. सारा जन्म दारूशी भांडण्यात घालवलेल्या बाईंना सगळ्यांसमोर हे ऐकावं लागलं होतं. मी मान खाली घातली.

ताईंनी विचारलं, "पक्कं?"

"पक्कं, ताई."

"दुसरं काई नाई? नुसती दारू?"

"नुसती दारू."

ताई मटकन बाकावर बसल्या. त्यांनी डॉक्टरांना हात जोडले आणि रडता रडता म्हणाल्या, "पेलाच होता नं लेकरू माह्यं. बरं झालं रे देवा, पेलाच होता."

रेखाही रडत होती. मला वाटतं, तिथं रडलं नाही असं कोणीच नव्हतं, डॉक्टरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला पुन्हा गावी गेलो होतो. प्रमोद घरी आला तेव्हा ताईंनी त्याला उंबरठ्यावरच अडवलं आणि एसटी थांब्याच्या ओट्यावर नेऊन बसवलं. उतरलेली होती, तरी बसवलं. समोरून जाताना त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. जेवायच्या वेळी मात्र त्याच्यासाठी डबा माझ्याच हाती पाठवला.

हे छापू का, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "छापा. लोकाईले समजू द्या, मले कायचा आनंद झाल्ता ते." प्रमोदलाही विचारलं. त्यानं जमिनीकडे पाहून होकाराची मान हलवली.

हा लेख लिहितो आहे तेव्हा पऱ्हाटी पुन्हा डोक्याच्या वर गेली आहे आणि सकाळपासून आभाळ आहे. औषधं बदलली, गिरणीतला तो फोन जाऊन ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले; माझा घोर तेवढा तसाच आहे. ताईंचे गुडघे आता वावरात जाऊ देत नाहीत. त्यांच्यामागं हे कसं चालेल, ही चिंता मी अनेकदा बोलून दाखवतो आणि त्या दर वेळी रेखाकडे बोट दाखवतात. बोट बरोबरच आहे. तरीही माझं समाधान होत नाही.

वत्सलाताई, आपल्याला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. शंभरीचा लेखही मलाच लिहायला मिळो. आणि काळजीच्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या आमच्याकडच्या प्रत्येक आईच्या कानावर, आपल्या कानावर आली तेवढीच वाईट बातमी येवो.