रेखा सिस्टर आणि बिथरलेले पेशंट

कॅज्युअल्टीत काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच अंगावर चालून येतात! मी मध्य प्रदेशात, देवासला कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे. आणि आमचे निम्मे किस्से रेखा सिस्टरचे. बाई सोनकच्छची, बोलणं माळवी, आवाज कधीच चढत नाही.

*

एक ट्रक ड्रायव्हर. डोक्यातून रक्त, हातात फुटलेली काच. "कोई पास आया तो फाड़ दूंगा!" गार्ड डंडा उगारून पुढे सरकला. सिस्टरनं गार्डला थांबवलं, दारातली माणसं बाजूला केली आणि लांबूनच म्हणाली, "भिया, तम बोलो, हूं सुणी री हूं."

"पैले इसका डंडा बाहर!"

डंडा बाहेर गेला. हळूहळू काचही ट्रेमध्ये आली. गार्ड कुरकुरला, "सिस्टर, अब डंडा वापस लाऊं?"

"रेने दो भिया, उससे तो मेरे को भी डर लगता है!"

*

एक नवा डॉक्टर "शांत हो जाओ!" असा ओरडला, की झोपलेले पेशंटही उठून बसले. तेव्हापासून आमच्याकडे हे वाक्य बंद!

*

खातेगावचा एक तरुण. घामानं निथळतोय, शिव्या देतोय, लाथा झाडतोय. एक लाथ माझ्या पोटात बसली. "पी के आया है," म्हणत त्याच्या काकानंच दोन थपडा लगावल्या. सिस्टर मध्ये उभी राहिली. "पैले शुगर देखांगा."

शुगर पार तळाला! आणखी थोडा वेळ गेला असता तर पोरगा हाती लागला नसता. सगळ्यांनी मिळून त्याचा हात धरला, ग्लुकोज गेलं आणि पोरगा माणसात आला.

काका छाती काढून म्हणतो, "मैं तो पैले से बोल रिया था, भूका है!"

*

आणि ह्या काकू. आपल्याच मराठी घरातल्या. न्यूमोनिया, तापात भ्रम, ऑक्सिजन भराभर खाली. मास्क लावला की ओरबाडून काढायच्या. "शिवू नका मला! नैवेद्य व्हायचाय अजून!" सिस्टर जवळ गेली तर स्टीलचा ट्रे फेकला. सिस्टरचं कपाळ फुटलं. झोपेचं इंजेक्शन द्यावं, तर होता तो श्वासही बंद पडायची भीती. मुलगा रडत होता, "हात बांधा, पण आईला वाचवा."

सोवळ्याचा मला लहानपणापासून राग! पण सिस्टरला सांगितलं, "वो भगवान का खाना बना रही हैं. किसी ने छू लिया तो सब बिगड़ जाएगा."

सिस्टरनं कपाळावर पट्टी चिकटवली. काकूंच्या डोळ्यांदेखत कोपरापर्यंत हात धुतले, नवे ग्लोव्हज घातले, नव्या मास्कचं पाकीट फोडलं. "मां साब, नवो है. कोई ने नी छुयो."

काकू रोखून बघत राहिल्या. मॉनिटर कोकलत होता.

"केस बांधलेस?"

मी हिंदीत सांगितलं. सिस्टरनं केस टोपीखाली खोचले.

"मग ये."

मास्क बसला. आकडा वर सरकायला लागला. सिस्टर टाके घालून घ्यायला वळली, तर काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"अगं पोरी, कपाळ कुणी फोडलं तुझं? नाव सांग त्याचं!"