जमली तर महाराजांची, करपली तर शंकरची

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. भंडारा आटोपला, कढया पालथ्या झाल्या, आमची टोळी मंडपात पाय पसरून बसली, की ते आपसूक निघतात. वरवट बकालच्या अंगाला आमचं गाव. दरवर्षी महाराजांच्या प्रगटदिनाला अख्खं गाव एका मंडपात जेवतं. मी वाढपी. वाढप्याच्या कानावर रांधणाऱ्याचंही येतं अन् जेवणाऱ्याचंही. बादली हातात असली की लोक तुमच्यासमोर काहीही बोलतात!

*

आमचे शंकरभाऊ वांग्याच्या भाजीचे आचारी. पैसा घेत नाहीत, सेवा म्हणून करतात. भाजी जमली की पंगत हात जोडते, "महाराजाची कृपा!" एका साली बुडाला जरा लागली, तर त्याच पंगतीतून आवाज आला, "आचारी कोन होता बे?"

शंकरभाऊ घाम पुसत म्हणाले, "जमली त महाराजाची, करपली त शंकऱ्याची! एखाद्या साली महाराजच काऊन नाही करपवत?"

*

त्या करपलेल्या भाजीची चौकशीही झाली बरं का. शंकरभाऊ म्हणाले, जाळ जास्त झाला. जाळ घालणारा म्हणाला, लाकडं लय वाळेल होते. लाकडंवाला म्हणाला, मी काय करू, बाभूयच तशी होती. शेवटी सगळा दोष बाभळीवर गेला. ती बिचारी जळून राख झालेली, बोलणार काय!

*

आमच्यातला गजू म्हणजे तारीफ करायची मशीन. मंडप एक नंबर, भजन एक नंबर, चपलांची रांगसुद्धा एक नंबर! एकदा स्वतः पंगतीला बसला अन् बसल्याबरोबर ओरडला, "भाजी एक नंबर!"

मी म्हटलं, "अबे, आतालोक पत्रावळच वाढली तुले."

"पत्रावळ एक नंबर!"

*

याच्या अगदी उलट तात्या. रिटायर्ड मास्तर, गावातले सगळ्यात कडक जेवणारे. जन्मात कोणाला चांगलं म्हटलं नाही. फार खूश झाले तर म्हणणार, "वाईट नाही."

एका साली शंकरभाऊंना ते दोन शब्द मिळाले. गड्याने कढई तशीच सोडली अन् पुण्याला लेकीला फोन लावला. "पोरी, तात्या आज वाईट नाही म्हणाले व!"

ती तिकडून ओरडली, "बाबा! खरंच? आईले सांगतलं का?"

*

भंडारा कमिटीचे अध्यक्ष शेवटी माईकवर आभार मानतात. मंडपवाल्याचे, जनरेटरवाल्याचे, ट्रॅक्टरवाल्याचे. पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बायांचं नावच नाही! एका साली बायांच्या बाजूने वनितावयनी उठल्या. "भाऊ, आमचे आभार राहू द्या. उद्या फक्त भांडे घासाले या."

अन् अध्यक्ष आले हो! पायजमा वर खोचून राखेने पातेलं घासत बसले. त्यांची बायको कमरेवर हात ठेवून पाहत होती. "घरी त कधी कप नाही इसयला या मानसानं!" तेव्हापासून पहिले आभार बायांचे असतात, माईक चालू व्हायच्या आधीच.

*

आता गेल्या सालचं सांगतो.

भंडाऱ्याच्या तोंडावर शंकरभाऊ मोटरसायकलवरून पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये. कढई सांभाळणार कोण? आमच्याकडे पोळ्या बायांनी लाटायच्या अन् भाजी माणसांनी करायची, असाच रिवाज. वनितावयनी म्हणाल्या, "कढई माह्या हवाली करा."

अध्यक्ष कचरले. "बिघडली त?"

"बिघडली त पुन्हा कोनतीच बाई कढईपाशी येनार नाही. झालं?"

झालं. वयनींनी पदर खोचला. फोडणीचा वास असा सुटला, की भजनवाल्यांचा ताल चुकला! पण भंडाऱ्याची भाजी नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखता येत नाही. मीठ अंदाजानेच टाकायचं. नैवेद्य झाला, पंगत बसली, मी भाजी वाढली. पहिला घास तोंडात गेला. मग सगळीकडून एकच हाक, "पानी! पानी वाढा!"

भाजी खारट झाली होती. खारट म्हणजे अशी, की डोळ्यांत पाणी यावं! वयनी कढईपाशी उभ्या, हातात झारा, चेहरा पांढराफटक. कोणीतरी मागून बोललंच, "म्हनूनच म्हनत होतो, बायाइच्या हाती..."

"ओ!" शंकरभाऊ प्लास्टरचा हात सावरत पुढे झाले. "मीठ म्या टाकलं. या डाव्या हातानं. मले वाटलं, वयनी इसरली."

अध्यक्ष खाली मान घालून उठले. "शंकर, तू एकटा नाही. एक मूठ म्याही टाकली. मले कमी वाटून राह्यलं होतं."

गजू माझ्या मागे लपला होता. तिथूनच म्हणाला, "म्याही टाकलं जी, थोडकसं."

वयनी हळूच म्हणाल्या, "अन् म्या त टाकलंच होतं."

सगळे तात्यांकडे पाहत होते. तात्यांनी एकेकाचं तोंड निरखलं, सावकाश पाणी प्याले, पुन्हा एक घास घेतला, चावला, गिळला.

"चार जनाचं मीठ पडूनही वांग्याची चव लागून राह्यली," ते म्हणाले. "पुढच्या साली कढई गावच्या या सुनबाईलेच द्या. अन् मिठाच्या पोत्यावर पहारा बसवा!"

अन् माझ्यापुढे पत्रावळ सरकवली. "पाह्यतं काय बे? वाढ."